बैल गिळलेली गाडी

मार्गशीर्ष लागला की भोरात नीरेवरून धुकं उठतं आणि ऊन चांगलं तापेपर्यंत गावाला सोडत नाही. त्या धुक्यात कुठूनतरी नव्या आंबेमोहराचा वास येतो. कुणाच्या तरी चुलीवर नवा भात चढलेला असतो. कुठल्या आळीत, कुणाकडं, ते दिसत नाही. पण अख्ख्या गावाला कळलेलं असतं.

परवा सकाळी दारात उभा राहून मी असाच नाक वर करून हुंगत होतो. पंचेचाळिशीच्या माणसाला हे शोभत नाही. पण घरातून ‘काय करताय हो?’ असं विचारणारं कुणी नाही, त्यामुळं शोभण्याचा प्रश्नच मिटलाय. तेवढ्यात वेल्ह्याकडून बाजाराला आलेल्या एका माणसानं मेव्हण्याचा निरोप दिला.

“रामभाऊ म्हनलं, भात झोडून झालंया. दाजींना म्हनावं गाडी घिऊन या.”

दरसालचा निरोप. शब्दसुद्धा तेच. एरवी हा निरोप मी आत नेऊन पोचवायचा, आणि मग कधी निघायचं, काय न्यायचं, यावर आमची दोन दिवस वादावादी चालायची. यंदा निरोप माझ्यापाशीच राहिला. आषाढात ही गेली. तापाचं निमित्त झालं, पाऊस धरून बसला होता, त्यातच सगळं उरकलं. तेव्हापासून गाडी परसात ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्या मागच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात आणि मी त्यांना काही बोलत नाही.

निरोप्या गेल्यावर मी ताडपत्री काढली आणि बॉनेट उचललं. वंगणाचा वास आला, घासलेटाचा आला, आणि त्यांच्या मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, हळदीचा. मोटारीच्या इंजिनाला हळदीचा वास येतो अशी या मुलखात तरी ही एकच गाडी असेल. मी तसाच उभा राहिलो. धुकं विरून ऊन पाठीवर आलं तेव्हा भानावर आलो.

आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. कुणी दिलं नाही, मीच घेतलं. दिवाळीला भाचरं, पुतणी जमली की फराळाची ताटं बाजूला सारून म्हणतात, “आण्णा, ती गाडीची सांगा.” मग मी सांगतो. लॉरीवाल्याचा आवाज काढतो, बैल हाकतो, हँडल मारताना धोतराचा सोगा कसा अडकला ते उठून करून दाखवतो. पोरं हसतात. ही स्वयंपाकघरातून ओरडायची, “आता खोटं सुरू झालं बघा,” की पोरं आणखी हसायची. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की ती मुळातच विनोदी आहे असं मलाही वाटायला लागलं होतं. परवा बॉनेट उचलल्यावर आठवलं, की ती घडत होती तेव्हा हसायला घरात कुणीच नव्हतं.

संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या होत्या, येष्टी धुरळा उडवीत गावात येऊ लागली होती. पण वेल्ह्याच्या बाजूला ती अजून पोचली नव्हती. तिकडं जायचं तर पाय, सायकल, नाहीतर बैलगाडी. माझं बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. सायकलीबरोबर स्टोव्ह, गॅसबत्त्या, कुलपं, जे येईल ते मी दुरुस्त करायचो, आणि त्यामुळं जगात न दुरुस्त होणारी वस्तू नाही असा माझा समज होता.

त्या वर्षी फाल्गुनात ही माहेराहून परत येत होती. माहेर वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. पोटात सहावा महिना. गाडीत पोती होती, ती जरा पुढंच रचली गेली होती. खिंडीच्या उताराला सगळा भार बैलांच्या मानेवर आला, एक बैल गुडघ्यावर बसला आणि गाडी तोंडावर कोसळली. लोकांनी हिला उचलून माहेरीच नेलं, कारण तेच जवळ होतं. ही वाचली. पोटातलं वाचलं नाही.

मग ती तिथंच राहिली. आधी अंगात त्राण नाही म्हणून, मग पावसाळा म्हणून, आणि पुढं तर कारण विचारायचं मीच सोडून दिलं. मी सायकल मारीत जायचो. ती ताट वाढायची. बोलायची नाही. पानातला भात संपला की “वाढू?” एवढं म्हणायची. आणखी थोडं बोलणं व्हावं म्हणून मी एकदा इतक्या वेळा भात घेतला, की येताना खिंडीत सायकल ढकलताना त्या संभाषणाचा भार चांगलाच जाणवला.

दसऱ्याला गेलो तेव्हा धीर करून म्हणालो, “चल की आता घरी.”

“कशात बसून?”

“गाडी आणतो. खाली गाद्या घालतो.”

“बैलगाडीत म्या पाय ठिवायची न्हाई,” ती म्हणाली. “मेल्यागत डोलीतनं यायची न्हाई. अन् चालत यायचं बळ न्हाई.”

आणि आत निघून गेली. तिच्या भावानं माझ्याकडं बघितलं, मी माझ्या पायांकडं. दुसरा कुणी असता तर समजला असता, की हिला यायचंच नाही. मी पडलो सायकलवाला. मला वाटलं, हा वाहनाचा प्रश्न आहे.

पुण्यात तेव्हा लढाईतून उरलेल्या मोटारी भंगारात निघत होत्या. अशाच एका भंगारवाल्याच्या आवारात ती मला सापडली. गाडी अमेरिकन, पुढं दोघांना बसायला जागा, मागं माल टाकायला उघडा हौदा. म्हणजे एके काळी होता. मला मिळाली तेव्हा मागं चार कुजक्या फळ्या होत्या. दिवा एकच, तोही डोळे आल्यासारखा. स्टेअरिंग अमेरिकन रीतीनं डाव्या हाताला. इंजिनाला गंज चढलेला. भंगारवाला म्हणाला, “इंजिन फक्त झोपलंय.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मला विश्वास ठेवायचाच होता.

एका लॉरीनं ती पुण्याहून ओढून आणली. कापूरव्होळच्या फाट्यावर, जिथं भोरचा रस्ता फुटतो, तिथं सोडायचं ठरलं होतं. लॉरीवाला बोलघेवडा होता, मीही काही कमी नव्हतो. बोलता बोलता फाटा मागं गेला आणि आम्ही किकवीला पोचलो.

“अरे, कापूरव्होळला सोड म्हटलं होतं ना?”

“तुमीच नादाला लावलं की वो! हितनं भोर काय लांब हाय?”

असं म्हणून तो साताऱ्याकडं निघून गेला. शेवटी माझी मोटार भोरात आली ती दोन बैलजोड्यांच्या मागून. पुढं घुंगरं वाजतायत आणि आत मी, स्टेअरिंग धरून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. लोक दुकानांतून बाहेर आले. कुणीतरी ओरडलं, “आण्णा, हॉर्न द्या की!” हॉर्न नव्हता. मी तोंडानं दिला.

दिवाळीत सांगताना मी इथून थेट हँडल मारण्यावर उडी मारतो. मधे जो हंगाम गेला, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, म्हणून तो कधी सांगितला नव्हता.

गाडी परसात घेतली आणि मी ती खोलायला लागलो. खोलायला काही अक्कल लागत नाही. धुकं असेपर्यंत दुकान उघडण्यात अर्थ नसायचा, तेवढा वेळ गाडीखाली. संध्याकाळी दुकान बंद केलं की उजेड आहे तोवर पुन्हा गाडीखाली. सुटे भाग ठेवायला जागा पुरेना, तेव्हा ते घरात शिरले. परातीत घासलेट ओतून त्यात पिस्टन बुडवले. कार्बुरेटर देवळीत बसला. काठवटीत साखळ्या. नट, चकत्या, खिळी हरवू नयेत म्हणून हिचा मिसळणाचा डबा रिकामा केला: मोहरीच्या वाटीत बारीक नट, जिऱ्याच्या वाटीत चकत्या, असं. हळद तेवढी ठेवली. एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं, रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते. पेट्रोलच्या टाकीला साबण, रेडिएटरला हळद. लग्नघरात लागतं तेच सामान.

आम्ही ज्या पिढीतले, त्यात पुरुषानं घरात शिरताना दारात खाकरायची पद्धत. आत बाईमाणूस असेल तर तिनं पदर सावरावा म्हणून. त्या हंगामात मी रोज संध्याकाळी दुकानातून यायचो, कुलूप काढायचो, दार ढकलायचो आणि खाकरायचो. कुलूप मीच काढलेलं, तरी खाकरायचो. मग आत अंधारात परातीतल्या पिस्टनांकडं बघून क्षणभर थांबायचो. पिस्टनांना पदर नसतो.

भाकरी मला जमत नव्हती. पिठलं जमत होतं, म्हणजे पातेल्यात राहत होतं. शेजारच्या घरातून पावट्याच्या आमटीचा वास यायचा, भांड्यांचा आवाज यायचा, कुणी कुणाला रागावल्याचा यायचा. एकट्या माणसाला दुसऱ्यांच्या घरातलं भांडणदेखील ऊबदार वाटतं. कधीकधी मी चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणायचो, “मीठ कमी पडलंय.” आणि मग उठून मीठ घ्यायचो.

एक दिवस गेनू सुतार आपण होऊन परसात येऊन उभा राहिला. गेनू म्हणजे आमच्याकडचा बैलगाड्या घडवणारा माणूस. फाल्गुनात कोसळलेली गाडी त्याच्याच हातची होती. तेव्हापासून तो माझ्या दुकानावरून खाली मान घालून जायचा. पोती कुणी कशी रचली यात त्याचा काय दोष? पण ते त्याला कोण सांगणार, आणि त्यानं ऐकलं तर ना.

त्यानं गाडीभोवती फेरी मारली. मागच्या उघड्या सांगाड्यावर हात फिरवला.

“हौदा म्या करनार,” तो म्हणाला.

“अरे, पण मोटारीचं काम तू कधी...”

“लाकूड ते लाकूड. चाकावर बसतंय न्हवं? मग झालं.” मग इंजिनाकडं बोट करून म्हणाला, “ह्ये तुमचं बैल?”

“तसंच म्हण.”

“मग ह्येंच्या मानंवर वजन येऊ देत न्हाई बगा. या टायमाला न्हाईच.”

मला त्याचं बोलणं इतकं बरोबर वाटलं, की मी लगेच हातातला पाना खाली ठेवला. आम्ही दोघांनी मिळून हौदा मागं सरकवला. मागच्या चाकांच्याही मागं चांगला हातभर लांबवला, म्हणजे भार सगळा मागं पडेल आणि बिचारं इंजिन मोकळं राहील. फळ्यांना त्यानं बैलगाडीच्या तळाला, साटीला, असतो तसा बाक दिला, कडेला खुंटाळ्या ठोकल्या, मागच्या फळीवर मोर कोरला. आत मी चार दोरांवर एक बाज टांगली, तिला धक्का बसू नये म्हणून. पुढच्या बैठकीत पेंढा भरून वर सतरंजी शिवली. रंग निळा, देवळाच्या दारातून उरलेला मिळाला. सगळं झाल्यावर गेनूनं पुढं बॉनेटवर घुंगरमाळ बांधली आणि दोन पावलं मागं सरून म्हणाला, “आता कशी खरी गाडी दिसतीया.”

इंजिन सुरू झालं ती कातरवेळ होती. हँडल मारून मारून हात भरून आले होते, धोतराचा सोगा अडकून फाटून झाला होता. एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि अचानक धडधडायला लागलं. सगळं परस हादरलं. मी घराच्या मागच्या दाराकडं तोंड करून ओरडलो, “अगं, ऐकलंस का? लागलं!”

फळीवरची भांडी तेवढी थरथरत वाजत होती. मी बराच वेळ इंजिन बंद केलं नाही.

वाडीला निघालो तो एकटाच. गाडी अशी हलकी चालली, की स्टेअरिंग लोण्यात फिरवल्यासारखं फिरत होतं. मी मनात म्हटलं, याला म्हणतात वंगण. वेल्ह्यापर्यंत मी स्वतःच्या वंगणाचं कौतुक करीत गेलो. वेल्ह्यापुढं रस्ता संपून नुसती चाकोरी होती, तिच्यातून डुलत डुलत वाडीत शिरलो. शिवारात खळी पडलेली, पेंढ्याच्या गंजी उभ्या, हवेत भाताची धूळ. घुंगरं ऐकून लोकांना वाटलं कुणाची बैलगाडी आली, आणि पाहतात तो बैल नाहीत. वरच्या धनगरवाड्यावरची ठकाबाई लोणी घेऊन आली होती. तिनं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, खाली वाकून पाहिली.

“अगं अनसे, भायेर ये,” ती ओरडली. “तुज्या मालकानं बैलगाडी आनलीया. बैल गिळून बसलीया बग!”

सगळी वाडी हसली. मी पण हसलो, आणि हसताना मला पहिल्यांदा ती गाडी दिसली. तो बाक, त्या खुंटाळ्या, तो मोर. बैलगाडीत पाय ठेवणार नाही असं सांगणाऱ्या बायकोसाठी मी इतके दिवस खपून एक बैलगाडी बनवली होती. हसू तोंडावर तसंच राहिलं, ते मिटवायचं कसं कळेना.

ही दारात आली. गाडीकडं बघत उभी राहिली. मोरावर नजर गेली.

“गेनूनं केली?”

“हो.”

रामभाऊ खाली बघायला लागला. माझ्या कपाळावर घाम आला, आणि नेमकी त्याच वेळी रेडिएटरातून धार लागली. मला बरंच झालं. माणसाला अशा वेळी हाताला काम लागतं. मी घाईनं बैठकीखालून डबा काढला, झाकण उघडून मूठभर हळद घेतली.

“त्यो माजा मिसळनाचा डबा?”

मी हळद घेतलेला हात तसाच धरून वळलो. ती पायऱ्या उतरून आली, डबा माझ्या हातातून ओढून घेतला आणि एकेक वाटी बघायला लागली. मोहरीच्या वाटीत नट. जिऱ्याच्या वाटीत चकत्या. मेथ्यांच्या वाटीत वंगण.

“अवो, आईनं दिलेला डबा हाय ह्यो! वंगान? मेथ्यांच्या वाटीत वंगान?” तिचा आवाज चढत चालला. “आनि कशाकशाला हात लावलाय? परात?”

“परात... आहे.”

“परातीत काय हाय?”

“आता काही नाही. पिस्टन काढले.”

“काठवट?”

मी हातातली हळद रेडिएटरात टाकली.

“दादा, माजं गठुळं आन,” ती भावाला म्हणाली. “घर हाय का गॅरेज झालंय ते बगितल्याबिगर मला हितं अन्न जायचं न्हाई.”

फाल्गुनापासून ती माझ्याशी सलग इतकं बोलली नव्हती. मला इतक्या शिव्या बसत होत्या आणि मी देवळात उभं राहावं तसा उभा होतो.

रामभाऊनं नव्या आंबेमोहराची पोती हौद्यात टाकली. बहिणीला बाजेवर पाय पसरता यावेत म्हणून सगळी अगदी मागं रचली. ती मागं बसली. नवऱ्याच्या शेजारी, तेही माहेरच्या माणसांदेखत, पुढं बसायचा तेव्हा प्रश्नच नव्हता. डबा मांडीवर घेऊन बसली.

खिंडीपर्यंत नीट आलो. उजेड होता अजून. तीच खिंड, फक्त बैलगाडी कोसळली तो उतार माथ्यापलीकडं होता आणि आता आम्ही अलीकडून चढत होतो. चढ लागला आणि माझं लोण्यासारखं स्टेअरिंग आणखीच मऊ झालं. मी उजवीकडं फिरवावं आणि गाडीनं सरळ जावं. पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती. एका वळणावर नाक चक्क वर आलं, रस्ता दिसेना, आभाळ दिसायला लागलं. मी ब्रेक दाबला. मागून तिचा आवाज आला. किंचाळी म्हणणार नाही. श्वास ओढल्याचा आवाज.

ती डबा छातीशी धरून खाली उतरली. मी मागच्या चाकांना दगड लावले. ती रस्त्याच्या कडेला, वाडीकडं तोंड करून उभी राहिली. आता ही चालत माघारी जाणार, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. ती गेली असती तर मी अडवलंही नसतं. काय तोंडानं अडवणार होतो? बॉनेटमधून वाफ येत होती आणि साऱ्या खिंडीत हळदीचा वास भरला होता.

बऱ्याच वेळानं ती वळली. गाडीकडं निरखून बघितलं. उचललेलं नाक, बसलेला मागचा भाग.

“उलाळ झालीया,” ती म्हणाली.

बैलगाडीला मागं भार जास्त झाला की पुढचं जू वर उचलतं, त्याला आमच्याकडं उलाळ होणं म्हणतात. बैलगाड्यांत आयुष्य काढलेल्या गेनूच्या, आणि स्वतःला मेकॅनिक म्हणवणाऱ्या माझ्या, हे डोक्यात आलं नव्हतं. फाल्गुनातल्या भाराला आम्ही इतके भ्यालो होतो, की दुसऱ्या टोकाला जाऊन पडलो.

“बिचाऱ्या गेनूनं मानंवर वजन नको म्हनून केलं आसंल,” ती म्हणाली. तिला सांगावं लागलं नाही.

मी दोन पोती पुढं ओढून हौद्याच्या तोंडाशी आणली आणि एक पुढच्या बैठकीवर टाकलं. “आता तू मागं निवांत बस,” म्हटलं.

ती बसली नाही. पुढं आली, बैठकीवरच्या पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“ते उतरवा,” ती म्हणाली. “म्या बसते.”

आणि चढून बसली. डबा मांडीवर, पदर डोक्यावरून घट्ट, नजर सरळ समोर. खिंड चढेपर्यंत एका हातानं तिनं समोरची कड धरली होती. गाडीनं नाक खाली ठेवलं ते ठेवलंच. माथ्यावर आल्यावर ती म्हणाली, “ठकाबाई म्हनती ते खोटं न्हाई. गिळलेत खरं बैल.” आणि हसली. नंतर लगेच रडली. बराच वेळ. मी गाडी हळू चालवत राहिलो.

गावात शिरलो तेव्हा आणखी एक गंमत झाली. गाडी डाव्या हाताची, त्यामुळं ही बसली होती उजवीकडं, जिथं एरवी ड्रायव्हर असतो. अख्ख्या बाजारानं बघितलं, की आण्णाची बायको मोटार हाकीत आली आणि आण्णा शेजारी बसलाय. ते सावरायचा मी पुढं किती वर्षं प्रयत्न केला. हिनं मात्र कुणाला कधी खुलासा केला नाही.

आम्हाला पुढं मूल झालं नाही. गाडी मात्र चालली. तिला पुढं वजन लागायचं, म्हणून माल भरलेला असला की ही पुढं. बाजार, जत्रा, कुणाचं लग्न, कुणी आजारी. लोक म्हणायचे, दोघांचं काय सूत आहे, जिथं तिथं जोडीनं. मी म्हणायचो, सूत कसलं, हौदा चुकलाय. ती रस्ताभर पावट्याच्या शेंगा सोलायची, टरफलं बाहेर टाकायची आणि मी चुकीच्या गिअरात आहे हे आवाजावरून सांगायची. ते बहुधा बरोबर असायचं. गेनू अधूनमधून म्हणायचा, मागचा वाढीव भाग कापून हौदा पुढं घेतो, अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हणायचो, लाकूड अजून सुकू दे. पुढं म्हणायचो, पावसाळा जाऊ दे. लाकूड सुकून सुकून वाजायला लागलं तरी मी तेच म्हणत राहिलो. असं का करतो ते मी हिला कधी सांगितलं नाही. आम्ही असल्या गोष्टी बोलणाऱ्यांतले नव्हतो.

मेव्हण्याचा निरोप आला त्याच दुपारी गेनू आला. केस पांढरे, हातात करवत.

“निरोप आला म्हनं,” तो म्हणाला. “आण्णा, आता तरी कापू द्या. एकट्यानं न्ह्यायची म्हंजे...” पुढचं त्यानं गिळलं.

मी हौद्यातली अंडी काढत होतो. म्हटलं, “तू इतकी वर्षं विचारतोयस. कंटाळला नाहीस?”

“म्या एकदा इच्यारल्याबिगर आलो व्हतो की.” तो ओशाळून हसला. “तुमी दुकानात. म्हनलं, करून टाकावं, आण्णा काय म्हनत्यात मग बगू. करवत लावली आन् वहिनी भायेर आल्या. म्हनल्या, गेनूभावजी, चा घ्या आन् जावा. त्या फळीला हात लावलात तर बगा. आन् हेंना सांगू नगा म्हनल्या.”

मी अंडी हातात घेऊन उभा राहिलो. कोंबड्या कलकलत होत्या. परसात ऊन होतं, हौद्याच्या मागच्या फळीवरचा मोर रंग उडून नुसता लाकडाचा उरला होता, आणि त्याच्या शेपटीपाशी करवतीची एक बारीक खाच. ती मला इतकी वर्षं दिसलीच नव्हती, का दिसूनही मी ती उंदरानं कुरतडलेली समजलो होतो, ते आता आठवत नाही.

“आता कुनासाठी ठिवायचं, आण्णा?” गेनू म्हणाला.

मी म्हटलं, “गेनू, चहा घे आणि जा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. करवत भिंतीला टेकवली. मी केलेला चहा फार वाईट झाला होता. त्यानं तो सगळा प्यायला.

काल जाऊन आलो. मिसळणाचा डबा घेतला बरोबर, हळदीसकट. बाकीच्या वाट्यांत मोहरी, जिरं, मेथ्या, तिनं ठेवल्या होत्या तशाच. जाताना स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं, यंदा मी वंगणाचं कौतुक केलं नाही. वाडीच्या जवळपर्यंत आता येष्टी येते, पोरं मोटार बघायला जमत नाहीत. रामभाऊनं पोती भरली. शेवटचं पोतं हातात धरून तो घुटमळला.

“दाजी, ह्ये...”

“पुढं ठेव,” मी म्हटलं.

त्यानं ते बैठकीवर उभं केलं, बाजूला डबा ठेवला, आणि दार हळू लावलं. एरवी तो दार आपटतो.

खिंडीत चढ लागला. गाडीनं नाक खाली ठेवलं होतं. जुनं इंजिन तापलं, वाफ आली, हळदीचा वास सुटला. वळणावर पोतं सरकलं आणि माझ्या खांद्यावर येऊन कललं. नव्या भाताचं पोतं जरा गरम असतं. उन्हातलं असतं ना. हात मोकळा होता, सरळ करता आलं असतं. मी केलं नाही. माथा येईपर्यंत ते तसंच राहिलं.

घरी आलो, कुलूप काढलं, दार ढकललं, आणि खाकरलो.